निलगिरीखालचा बर्फ

केरळात मोसमी पाऊस उतरतो, आठवड्याभरात कोकणात पोहोचतो आणि घरोघरी छत्र्या-रेनकोटांची शोधाशोध सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत सिडनीच्या मॅनली भागात राहणारे एक गृहस्थ स्टूल घेऊन माळ्याखाली उभे राहतात आणि वरून एक लांबलचक पिशवी खाली ओढतात. पिशवीत स्कीच्या फळ्या असतात. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर. भर हिवाळ्यातही तिथे पोरे रबरी पोशाख चढवून लाटांवर घसरत असतात. गृहस्थांचे त्यांच्याविषयीचे मत असे, की हा खेळ वाईट नाही, पण यात घसरून झाल्यावर पुन्हा वर चढण्याची मजा नाही!

गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले. हायस्कुलात मुलांना सुतारकाम शिकवत होते, आता निवृत्त. गुडघा एक बरा, एक कुरकुरणारा. मते मात्र दोन्ही पायांवर भक्कम उभी असतात. आणि ती ऐकून घ्यायला बायको, लेक, जावई आणि आठ वर्षांची नात अशी चार माणसे हाताशी असल्यामुळे ती कधी मनात कुजत नाहीत.

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कांगारू, क्रिकेट आणि तापलेले वाळवंट येते. तिथे बर्फ पडतो, हे सांगावे लागते. देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर बर्फ असतो. सर्वांत उंच शिखर कोशियस्को, उंची २,२२८ मीटर. म्हणजे साधारण आपल्या सिमल्याइतके! गुलमर्गचे कुरण याहून कितीतरी उंचावर आहे. एवढ्याशा उंचीवर बर्फ धरायचा म्हणजे निसर्गाची कसरतच. तरीही तिथल्या शार्लट पास या ठिकाणी २९ जून १९९४ रोजी पारा शून्याखाली २३ अंशांवर गेला होता. त्या देशातला तो नीचांक. "आमच्याकडे स्वित्झर्लंडपेक्षा जास्त बर्फ पडतो," अशी फुशारकी ऑस्ट्रेलियात पुष्कळदा ऐकू येते. गृहस्थ तिला हसतात. बर्फ किती मैलांवर पसरला ते मोजायचे आणि किती खोल साचला ते मोजायचे नाही, ही हिशेबाची पद्धत त्यांना मान्य नाही.

मोसमाचे उद्घाटन जूनच्या दुसऱ्या सोमवारी, राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीला. २०२२ पर्यंत ती राणीच्या वाढदिवसाची होती. राणीचा जन्म एप्रिलमधला, राजाचा नोव्हेंबरमधला, आणि सुट्टी जूनमध्ये. गृहस्थ म्हणतात, "जो वाढदिवस नाही त्या दिवशी, जो बर्फ नाही त्यावर, आम्ही मोसम सुरू करतो." कारण त्या पहिल्या शनिवार-रविवारी डोंगरावर बहुधा पिवळट गवत आणि यंत्राने फवारलेल्या बर्फाची एखादी अरुंद पट्टी, एवढेच असते. तरी माणसे जातात. गृहस्थही कित्येक वर्षे गेले. घसरायला मिळाले नाही तर लॉजच्या खिडक्या पुसून परत आले.

सिडनीपासून डोंगर साडेचारशे-पाचशे किलोमीटर. शुक्रवारी संध्याकाळी निघायचे, गोलबर्न गावाशी पंधरा मीटर उंचीचा काँक्रीटचा मेंढा दिसला की पोरांना चहा-दूध द्यायचे, कॅनबेरा मागे टाकून कूमा गाठायचे. कूमात दोन कामे. एक म्हणजे किराणा भरणे, कारण पुढे वर गेल्यावर भाव चढतात. दुसरे, गाडी डिझेलची असेल तर थंडीत न गोठणारे खास डिझेल भरणे. शहरातले साधे डिझेल वरच्या थंडीत मेणासारखे घट्ट होते आणि रविवारी संध्याकाळी गाडी सुरूच होत नाही. जावईबापूंनी पहिल्या वर्षी हा सल्ला मानला नव्हता. सोमवारी कामावर ते दुपारी तीनला पोहोचले. गृहस्थांनी त्यावर एक अक्षर काढले नाही. दरवर्षी कूमा आले, की फक्त त्या पंपाकडे बोट दाखवतात.

कूमाच्या पुढे संध्याकाळी गाडी हळू हाकावी, असे त्यांचे सांगणे असते. कांगारू दिव्याच्या झोतात उडी मारतात, आणि वोम्बॅट नावाचा गुबगुबीत प्राणी तर रस्त्यात धोंड्यासारखा बसतो. धोंडा निदान दिवसा दिसतो तरी.

चाकांना बांधायच्या साखळ्या हा गृहस्थांचा खास विषय. कोशियस्को राष्ट्रीय उद्यानातल्या वरच्या रस्त्यांवर १ जून ते १० ऑक्टोबर या काळात साध्या, दोन चाकांना जोर असलेल्या गाडीत साखळ्या ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे. बर्फ वाढला की फलक लागतो आणि रस्त्याकडेला, चिखलात गुडघे टेकून, बोटे बधिर झालेली असताना त्या बांधाव्या लागतात. लग्न ठरलेल्या जोडप्याने पत्रिका न पाहता एकदा बर्फात साखळ्या बांधून पाहाव्यात, असे ते सर्वांना सांगतात. कोण ओरडतो, कोण हातमोजे काढून मदत करतो, कोण गाडीत काच वर करून बसून राहतो, सगळे वीस मिनिटांत कळते. त्यांच्या स्वतःच्या लग्नाआधी अशी परीक्षा १९८० साली झाली होती. वाग्दत्त वधूने साखळी उलटी बांधली. वराने ती सोडून पुन्हा बांधायला घेतली, तर त्याचीही उलटीच लागली. मग दोघे हसले आणि लग्न झाले.

डोंगराच्या पोटातून बोगद्याने वर जाणारी, दातेरी रुळाची स्कीट्यूब नावाची गाडी १९८७ मध्ये सुरू झाली. खाली बुलॉक्स फ्लॅटला मोटार ठेवायची आणि पेरिशर गावात उतरायचे. साखळ्यांची कटकट नाही. "ज्यांना साखळ्या बांधता येत नाहीत त्यांची सोय," असे गृहस्थ पंचवीस वर्षे म्हणत आले. मग पाठीने बोलावणे धाडले. आता ते त्याच गाडीने जातात. मत बदलले का, असे विचारले तर बोगद्याच्या भिंती किती सुबक कापल्या आहेत, यावर बोलू लागतात.

बोगद्यांविषयी त्यांना बोलण्याचा अधिकार आहे. वडील नॉर्वेचे, सुतार. १९४९ साली ऑस्ट्रेलिया सरकारने स्नोई नदीचे पाणी डोंगरातून वळवून वीज करण्याची प्रचंड योजना हाती घेतली. ती १९७४ पर्यंत चालली. तिच्यावर एक लाखाहून अधिक माणसे राबली, तीसहून अधिक देशांमधली. १२१ जण कामावर मेले. योजनेतले पहिले वीजघर गुथेगाला झाले, १९५५ मध्ये. ते काम सेल्मर या नॉर्वेच्या कंपनीकडे होते, आणि कंपनी आपली माणसे बोटीने घेऊन आली होती. त्यांत गृहस्थांचे वडील. ते परत गेले नाहीत. कूमात त्यांनी घर केले, १९५७ मध्ये मुलगा झाला, आणि त्याला चालता येऊ लागल्यावर लवकरच त्यांनी त्याच्या पायांत फळ्या बांधल्या. मुलगा दहा वर्षांचा असताना शेजारच्या जिंडाबाइनचे धरण पुरे झाले. जुने गाव पाण्याखाली गेले आणि वरच्या अंगाला नवे वसले. आज स्कीला येणारे हौशी लोक त्या तळ्याकाठी कॉफी पितात.

नॉर्वेच्या लोकांनी ऑस्ट्रेलियाला बर्फावर घसरायला शिकवण्याची ही दुसरी खेप. पहिली त्याच्या नव्वद वर्षे आधीची. कियांड्रा येथे १८५९ मध्ये सोने सापडले, खाणकाम्यांची झुंबड उडाली आणि हिवाळ्यात सगळे बर्फात अडकले. त्यांतल्या नॉर्वेच्या माणसांनी कुंपणाच्या फळ्या तासून पायांत घातल्या. १८६१ पासून तिथे घसरण्याची मौज सुरू झाली, पुढे शर्यती लागल्या. जगातल्या सर्वांत जुन्या स्की क्लबांत कियांड्राचे नाव घेतात. सोने संपले, गाव ओस पडले. वडील मात्र एका गोष्टीवर शेवटपर्यंत अडून राहिले: ऑस्ट्रेलियाचा बर्फ ओला. "ही लापशी आहे, बर्फ नव्हे," असे म्हणत त्यांनी पस्तीस हिवाळे त्याच लापशीवर आनंदात काढले.

पेरिशरला गृहस्थांच्या क्लबाचे लॉज आहे. लॉज म्हटल्यावर मखमली खुर्च्या डोळ्यांसमोर आणू नयेत. सभासदांनीच बांधलेली लाकडी इमारत, एका खोलीत दोनावर दोन अशा चार खाटा, एकच मोठे स्वयंपाकघर आणि भिंतीवर कामाची पाळी लिहिलेला तक्ता. कोणी भांडी घासायची, कोणी न्हाणीघर धुवायचे, कोणी कचरा खाली न्यायचा. डॉक्टर असो की वकील, तक्त्यातून सुटका नाही. उन्हाळ्यातही डागडुजीसाठी हजेरी लागते. जुलैच्या शाळेच्या सुट्टीतल्या खाटांसाठी चिठ्ठ्या टाकतात, आणि त्यावरून सख्खे मित्र वर्षभर अबोला धरतात. बूट वाळवायची एक गरम खोली असते. तिच्या वासाविषयी न लिहिलेले बरे.

या तक्त्यावर गृहस्थांची फार श्रद्धा. घरातही त्यांनी तसा एक लावला होता. बाईसाहेबांनी तो दोन महिने पाळला, मग शांतपणे काढून त्याच्या मागच्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली. बाईसाहेब स्की करत नाहीत. चाळीसहून अधिक वर्षे लॉजच्या खिडकीशी बसून त्या विणकाम करतात, भोपळ्याचे सूप ढवळतात आणि कोण कसा पडला ते पाहतात. डोंगरावरची सगळी हकिकत त्यांच्याकडे असते. पडल्यावर जो आधी इकडे-तिकडे पाहतो तो शहरातला, आणि जो आधी पाय हलवून पाहतो तो डोंगरातला, हे निरीक्षण त्यांचे. गृहस्थ ते आपले म्हणून सांगतात.

त्यांची बाकीची मते थोडक्यात अशी: मुलांना उभे राहायला शिकवण्याआधी पडायला शिकवावे. ढगाळ दिवशीही नाकाखाली, हनुवटीखाली मलम लावावे, कारण बर्फावरून परतणारे ऊन खालून भाजते. ओले मोजे रात्रीच वाळत घालावेत. सकाळचा शहाणपणा मोजे वाळवत नाही. नवऱ्याने बायकोला स्की किंवा मोटार शिकवू नये, पैसे देऊन मास्तर लावावा. आणि डोंगरात कुठेही जाताना कोणाला तरी सांगून जावे.

हे शेवटचे ते हसत सांगत नाहीत. ऑगस्ट १९९९ मध्ये चार तरुण कोशियस्कोच्या बाजूला गेले आणि वादळात बर्फात गुहा खोदून आत राहिले. आठवडेच्या आठवडे शोध चालला. बर्फ वितळल्यावर, नोव्हेंबरमध्ये, ते सापडले.

त्याच्या दोन वर्षे आधीची थ्रेडबोची रात्र तर ऑस्ट्रेलियातला तेव्हाचा जाणता कोणीही विसरलेला नाही. ३० जुलै १९९७, बुधवार, रात्री साडेअकराचा सुमार. गावाच्या वरून जाणाऱ्या रस्त्याचा भराव सुटला आणि दोन लॉज त्याखाली गेली. अठरा माणसे मेली. स्टुअर्ट डायव्हर नावाचा स्की शिकवणारा तरुण पासष्ट तासांनी, शनिवारी, काँक्रीटच्या फटीतून जिवंत निघाला. शेजारी त्याची पत्नी गेलेली होती. सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसून होता. गृहस्थांच्या शाळेत त्या गुरुवारी-शुक्रवारी कोणी काही शिकवले नाही. भराव सुटण्याचे कारण चौकशीत निघाले: रस्त्याखालची पाण्याची गळकी नळी. तेव्हापासून क्लबाच्या प्रत्येक वार्षिक सभेत हे गृहस्थ उठतात आणि लॉजच्या मागच्या उताराचे पाणी कुठून जाते, नळ्या शेवटच्या कधी तपासल्या, असे विचारतात. नवे सभासद एकमेकांकडे पाहून हसतात. जुने हसत नाहीत. चिटणीस तारीख सांगतो, गृहस्थ ती वहीत लिहून घेतात आणि बसतात.

लेकीचे मत वेगळे. तिला जपानचा बर्फ आवडतो. होक्काइदो बेटावर निसेकोला ऑस्ट्रेलियन माणसांची इतकी वर्दळ असते, की सकाळच्या रांगेत सिडनीचे शेजारी भेटतात. कोरडा, भुसभुशीत, कमरेएवढा बर्फ; गरम पाण्याची कुंडे; आणि खर्चाचा हिशेब मांडला तर विमानाचे भाडे धरूनही फार फरक पडत नाही, असे तिचे म्हणणे. बाप म्हणतो, फरक पडतो. पण आकडे मांडायला बसले की तो गप्प होतो. पेरिशर २०१५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने घेतले. आता मोसमाचा पास कित्येक महिने आधी, बर्फ पडेल की नाही याचा पत्ता नसताना, स्वस्तात विकतात; आयत्या वेळी एका दिवसाचे तिकीट काढणाऱ्याचा खिसा मात्र रिकामा होतो. लहान मुलांना घेऊन एखाददुसरा दिवस बर्फ दाखवायला येणारी कुटुंबे, त्यांत सिडनीत स्थायिक झालेली आपली भारतीय कुटुंबेही बरीच, बहुधा प्लॅस्टिकच्या घसरपाटीवर समाधान मानतात. गृहस्थांना त्याचे वाईट वाटते. त्यांच्या वडिलांनी मजुरीच्या पैशांत त्यांना शिकवले होते.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. पेरिशर आणि शार्लट पास यांच्यामध्ये स्पेन्सर्स क्रीक नावाची जागा आहे. तिथे १९५४ पासून बर्फाची खोली नियमित मोजतात. १९८१ मध्ये ती ३.६१ मीटर भरली होती. गृहस्थ तेव्हा चोवीस वर्षांचे. लॉजच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ते बाहेर पडत. २००६ मध्ये अख्ख्या हिवाळ्यात तिथे एक मीटरही भरला नाही. मधूनमधून भरघोस वर्षे येतात, पण एकंदर उतार खालीच आहे. पुढे जानेवारी २०२० च्या वणव्यांत सेल्विन हे छोटे स्कीचे ठिकाण जळून गेले. ते २०२३ मध्ये पुन्हा उघडले. कियांड्राची जुनी कचेरीही त्याच आगीत गेली.

सर्वांत जास्त त्यांना लागते ते झाडांचे. तिथल्या डोंगरावर देवदार नाहीत, निलगिरी आहे. होय, आपण सर्दीला ज्याचे तेल हुंगतो तीच जात, पण बर्फात वाढणारी, वाकडीतिकडी, सालीवर तांबूस-हिरवे पट्टे असलेली. निलगिरीच्या झाडांमधून बर्फावर घसरत जायचे, हा अनुभव जपान देऊ शकत नाही, असे गृहस्थ लेकीला ऐकवतात. त्यांतली पुष्कळ झाडे वणव्यांनी जळाली. उरलेल्यांना खोड पोखरणारा भुंगेरा लागला आहे; उतारावर पांढरे सांगाडे उभे दिसतात.

राजकारणावर ते फार बोलत नाहीत. पण झाली स्टेगल यांनी १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचे कांस्यपदक जिंकले, हिवाळी खेळांतले ऑस्ट्रेलियाचे पहिले वैयक्तिक पदक, तेव्हा ते स्वयंपाकघरात नाचले होते. त्याच बाई पुढे वकील झाल्या आणि २०१९ मध्ये हवामानबदलाचा प्रश्न घेऊन मॅनलीच्याच मतदारसंघात उभ्या राहिल्या, माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांच्याविरुद्ध. जिंकल्याही. गृहस्थांनी मत कोणाला दिले हे त्यांनी घरात सांगितलेले नाही. "मतदान गुप्त असतं," एवढेच म्हणतात, आणि मिशीत हसतात.

यंदाच्या जूनमध्ये फ्रिजवर लोहचुंबकाखाली क्लबाचा एक कागद लावलेला होता. सभासदत्व मुलांच्या नावे करायचे असल्यास ऑगस्टअखेर कळवावे. डॉक्टरांनी गुडघ्याविषयी जे सांगितले ते बाईसाहेबांनी लेकीला सांगितले. गृहस्थांनी कोणालाच नाही. लेकीने कागद वाचला, पुन्हा चुंबकाखाली ठेवला. सभासद व्हायचे म्हणजे दरवर्षीची वर्गणी आली, उन्हाळ्यातले रंगकाम आले, तक्ता आला. आणि अजून वीस वर्षांनी वर बर्फ किती असेल? तिने बापाला हे विचारले नाही. त्यानेही विषय काढला नाही.

जुलैच्या सुट्टीत सगळे वर गेले. चिठ्ठीत खाटा मिळाल्या होत्या. नात तीन दिवस मास्तरांकडे शिकली, चौथ्या दिवशी आजोबांबरोबर सोप्या उतारावर आली. अकरा वेळा पडली. दरवेळी आधी पाय हलवून पाहिले. खिडकीतून बाईसाहेबांनी ते मोजले.

रात्री आजोबांनी तिला एक गोष्ट सांगितली, खरी. मूठभर वजनाचा एक पोसम, डोंगरातला, केवळ जुन्या हाडांवरूनच ठाऊक असलेला. शास्त्रज्ञांना वाटत होते, की तो केव्हाच नाहीसा झाला. १९६६ मध्ये तो जिवंत सापडला. कुठे? व्हिक्टोरियातल्या माउंट हॉथमवर, स्कीच्या एका लॉजमध्ये! हिवाळाभर तो दगडांच्या कपारीत, बर्फाच्या थराखाली झोपतो. वरचा बर्फ ही त्याची रजई. ती पातळ झाली तर त्याला थंडी बाधते. नात बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, की आपल्या लॉजमध्येही असेल का? आजोबा म्हणाले, आता तो झोपलेला असतो. तिचे समाधान झाले नाही. सगळे निजल्यावर तिने स्वयंपाकघरात शेगडीमागे अर्धे बिस्कीट ठेवले. जंगली प्राण्याला खायला घालू नये, असा तिथे नियम आहे आणि आजोबा नियमांचे कडक. बूट वाळवायच्या खोलीतून येताना त्यांनी ते पाहिले आणि दिवा मालवून पुढे गेले.

सकाळी बिस्कीट नव्हते. नातीने आरडाओरडा करून सगळे लॉज जागे केले. लॉजमध्ये उंदीरही असतात, ही गोष्ट कोणी बोलले नाही. पाळीप्रमाणे भांडी घासत उभी असलेली लेकही नाही. तिने फक्त हात पुसले आणि आईला विचारले, तो क्लबाचा कागद बरोबर आणलाय की घरीच राहिला?